ट्रंप कार्डावर नसलेला रकाना

2025 च्या जुलैमध्ये हल्क होगन वारला. त्या दिवशी आमच्या शाळासोबत्यांच्या गटावर म्हापशापासून मस्कतपर्यंत पसरलेले, पन्नाशीकडे झुकलेले बाप्ये एकदम तेरा वर्षांचे झाले. पिवळी बनियन टराटरा फाडणं, कानाला हात लावून गर्दीचा आवाज ऐकणं, सगळं आठवून झालं. मग कुणीतरी लिहिलं, 'जगातला सर्वांत मोठा पैलवान गेला.' मी लिहिलं, 'मोठा खरा, पण पैलवान म्हणून तो पहिल्या विसातही बसत नाही.'

झालं! दोन दिवस भांडण. एकाने सुनावलं की माणूस जाऊन चार तास झाले नाहीत आणि तू त्याचे मार्क कसले कापतोस? ते मात्र बरोबर होतं. वेळ चुकलीच. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून त्या भांडणात जे लिहायचं राहिलं ते इथे लिहितो आहे. ज्यांना रेसलिंग म्हणजे निव्वळ पोरकटपणा वाटतो त्यांनी इथेच रजा घेतली तरी माझी तक्रार नाही.

आमच्या पिढीचं सगळं मूल्यमापन ट्रंप कार्डांनी करून ठेवलं आहे. बोडगेश्वराच्या जत्रेतल्या फेरीत घेतलेला माझा एक संच अजून शाबूत आहे, फक्त दोन पत्ते कमी. प्रत्येक पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली रकाने: उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या, क्रमांक. मधल्या सुट्टीत वर्गाच्या मागच्या बाकावर आम्ही 'छाती!' 'दंड!' असं ओरडत एकमेकांचे पत्ते जिंकायचो. ज्याचा आकडा मोठा तो पैलवान मोठा. हे गणित इतकं डोक्यात बसलं होतं की केबलवर खरा सामना बघतानाही आम्ही पत्तेच बघत होतो.

आणि हे सगळं खोटं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आजी जपमाळ ओढता ओढता एक नजर टीव्हीकडे टाकायची आणि म्हणायची, "सगळें फटीचें!" पुढे वाचनात आलं की 1989 च्या फेब्रुवारीत खुद्द कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हेच सांगितलं होतं. हा खेळ नव्हे, करमणूक आहे, तेव्हा खेळांचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. म्हणजे आजी आणि व्हिन्स मॅकमहन यांचं या बाबतीत एकमत होतं.

पण मग प्रश्न असा उरतो: निकाल आधीच ठरलेला असेल, तर चांगला पैलवान कोण आणि वाईट कोण हे ठरवायचं कशावरून? 'जिंकलेल्या कुस्त्या' हा रकाना तर कंपनीच भरते.

याचं उत्तर मला एका दशावतारी नटाने दिलं. पेडण्याकडचे एक काका, माझ्या मामांचे स्नेही, मामांकडे अधूनमधून मुक्कामाला यायचे. कंपनीत त्यांच्याकडे कायम राक्षसाची कामं. देहाने आडवे, आवाज खर्जातला. दशावतारात कथा काय ती ठरलेली, संवाद नट जागच्या जागी रचतात. लढाई कोण जिंकणार हे समोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी पखवाज वाजायला लागला, तलवारी फिरायला लागल्या की आपण सरसावून बसतोच. तर एकदा आम्ही व्हिडिओ लायब्ररीतून समरस्लॅमची कॅसेट आणली होती. काका मागे खुर्चीत पान लावत बसले होते. मी ब्रेट हार्टच्या नावाने ओरडत होतो. काकांनी पान गालात सारलं आणि म्हणाले, "मारता तो न्हय रे, पडटा तो पळय."

मारतो त्याला नको बघू, पडतो त्याला बघ.

पडणारा होता मिस्टर परफेक्ट, म्हणजे कर्ट हेनिग. सामना 26 ऑगस्ट 1991 चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. ब्रेट त्याच्या पायावर लाथ मारायचा तेव्हा हा नुसता पडत नसे, गिरकी घेऊन हवेतून उलटा व्हायचा. केस धरून फेकला की अख्ख्या रिंगमधून घसरत जाऊन खांबाशी थांबायचा. काका सारखे मान डोलवत होते. "याला कंपनीत ठेवायला पाहिजे," असंही म्हणाले. त्यांच्या धंद्यात यापेक्षा मोठी पदवी नसावी. शेवटी हेनिग पाय उचलून ब्रेटच्या अंगावर टाकतो, ब्रेट खाली पडल्या पडल्याच तो पाय धरतो, वळतो आणि शार्पशूटर लावतो. हेनिग हार मानतो. त्या रात्री ब्रेट हार्ट मोठा झाला.

कित्येक वर्षांनी मी वाचलं की हेनिग त्या सामन्यात उतरला तेव्हा त्याच्या पाठीच्या मणक्याच्या चकत्या सरकलेल्या होत्या. तो मुळात उतरायलाच नको होता. उतरला, अठराएक मिनिटं पडत राहिला, सन्मानाने हरला आणि मग वर्षाहून अधिक काळ त्याला कुस्ती खेळता आली नाही. शार्पशूटरमध्ये पाठच मुरगळली जाते हे लक्षात घेऊन ती शेवटची मिनिटं पुन्हा बघा. ब्रेटचे हात किती अलगद आहेत तेही बघा.

हा माझा उपेक्षितांतला पहिला. एडब्ल्यूए नावाच्या दुसऱ्या संघटनेत 1987 मध्ये तो जगज्जेता झाला होता, पण डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये त्याला तो मान कधीच मिळाला नाही. माझ्या संचातही त्याचा पत्ता आला की आम्ही तोंड वाकडं करायचो. दंड बेताचा, छाती बेताची. कुठल्या रकान्यावर खेळायचा हा पत्ता?

ज्याचा पत्ता हातात आला की उड्या मारायचो तो अल्टिमेट वॉरियर. चेहऱ्यावर रंग, दंडाला बांधलेल्या फिती, धावत येणार, दोर गदागदा हलवणार. 1988 च्या समरस्लॅममध्ये त्याने हाँकी टाँक मॅनला अर्ध्या मिनिटात लोळवलं. हा हाँकी टाँक मॅन जवळजवळ सव्वा वर्ष पट्टा धरून बसलेला, लोकांच्या शिव्या गोळा करत. त्या शिव्या इतके महिने साठल्या होत्या म्हणून तो अर्धा मिनिट एवढा गाजला. साठवण्याचं काम कुणी केलं आणि खर्च कुणी केला ते तुम्हीच ठरवा.

वॉरियरला लागोपाठ दोन-तीन मिनिटांच्या वर काही सुचत नसे. पण त्याचे चांगले सामने आहेत, नाही असं नाही. 1989 मधले रिक रूडबरोबरचे, 1990 मधला टोरोंटोतला होगनबरोबरचा, आणि 1991 च्या रेसलमेनियातला रँडी सॅव्हेजबरोबरचा, जो हरेल त्याने निवृत्त व्हायचं अशा पैजेचा. तो शेवटचा तर मला फारच आवडतो. आता या तीन सामन्यांत वॉरियर समान आहे आणि समोरचा माणूस बदलतो. मग त्याचे बाकीचे शेकडो सामने एवढे सपक का? माझा मावसभाऊ अजून वॉरियरभक्त आहे. तो म्हणतो की तिकीट वॉरियरच्या नावावर विकलं जायचं, रूडच्या नव्हे. मान्य. जत्रेत गर्दी देवाच्या नावानेच होते. पण रिक रूड नसता तर वॉरियरला कुस्ती येते असं आपल्याला कधीच वाटलं नसतं, हे त्यानेही मान्य करावं. (करत नाही.)

होगनबद्दल मात्र मला थोडं मागे यायचं आहे. 29 मार्च 1987, पॉन्टियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया तीन. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे प्रेक्षक 93,173. हा आकडाही त्या पत्त्यांवरच्या आकड्यांच्याच जातीचा आहे, अभ्यासू लोक तो बराच खाली आणतात. होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटला. सात फूट चार इंच, 520 पौंड असं जाहिरातीत, आणि याला आजवर कुणीच उचललेलं नाही असंही. हे धादांत खोटं. इतरांनी उचलला होता, खुद्द होगननेच 1980 मध्ये उचलला होता. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आंद्रेच्या पाठीवर आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली. त्याला धड चालवत नव्हतं. तो माणूस मनाविरुद्ध कुणाच्याही बापाला उचलला जाणारा नव्हता. तो उचलला गेला कारण त्याने स्वतःला उचलू दिलं, आपलं मोठेपण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं आणि खाली उतरला. फोटोत मात्र सगळे होगनचे दंड बघतात.

त्याच दिवशी त्याच रिंगमध्ये रिकी स्टीमबोट आणि रँडी सॅव्हेज यांचा जेमतेम पंधरा मिनिटांचा सामना झाला होता, आणि जाणकार आजही त्या दिवसाचं नाव काढलं की तोच सामना सांगतात. स्टीमबोटविषयी स्वतंत्र लिहावं लागेल. 1989 मध्ये रिक फ्लेअरबरोबर तो शिकागो, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिल असे तीन सामने खेळला. मधला तर पाऊण तासाच्या पुढे गेलेला. ते बघितल्यावर माझा ट्रंप कार्डांवरचा विश्वास कायमचा उडाला.

तरी होगनला मी आता 'फुगवलेल्यां'च्या यादीतून काढलं आहे, कारण 17 मार्च 2002. टोरोंटोत द रॉकविरुद्ध सामना. होगन तेव्हा खलनायक म्हणून आलेला, पण गर्दीने रॉकची हुर्यो केली आणि होगनला डोक्यावर घेतलं. दोघांनीही सामना चालू असतानाच आपापल्या भूमिका हळूहळू फिरवल्या. हातात डावपेच चार-पाचच, वय पन्नाशीच्या जवळ, आणि तरी अडुसष्ट हजार लोक काय मागत आहेत हे त्याला कानाने कळत होतं. तो कानाला हात लावायचा ते नुसतं नाटक नव्हतं तर! अशा माणसाला नट म्हणून नापास करणारा मी कोण? (पुढे 2005 मध्ये शॉन मायकल्सने त्याच्या प्रत्येक फटक्यावर जरुरीपेक्षा चौपट कोलांट्या मारून भर सामन्यात त्याची टर उडवली. पडण्याच्या कलेत शिवी कशी देतात ते बघायचं असेल तर तो सामना बघावा.)

गोल्डबर्गला मात्र काढता येत नाही. 1997 च्या सप्टेंबरमध्ये आला आणि सुटला. आज दहा, उद्या पन्नास, शेवटी 173 विजय आणि पराभव शून्य, असा आकडा मिरवत. मधले बरेच विजय कागदावरच वाढत गेले. म्हणजे आमच्या पत्त्यावरचा 'जिंकलेल्या कुस्त्या' हा रकानाच चालता-बोलता होऊन रिंगमध्ये आला होता. दोन मिनिटांत सामना खलास. विल्यम रीगल या ब्लॅकपूलच्या जत्रेतल्या तंबूत कुस्ती शिकलेल्या गड्याने 1998 मध्ये त्याला पाचेक मिनिटं खरोखरीची पकड घालायला लावली, तेव्हा या बुवाची दोन मिनिटांपुढची तयारीच नाही हे उघडं पडलं. (रीगलही माझ्या उपेक्षितांच्या यादीत वर आहे. चेहऱ्याने त्याच्याएवढं बोलणारा माणूस मी रिंगमध्ये पाहिला नाही.)

आणि मग 19 डिसेंबर 1999. गोल्डबर्गने मारलेली एक लाथ ब्रेट हार्टच्या डोक्यात बसली. खरी बसली. मेंदूला धक्का बसला आणि पुढच्या वर्षी ब्रेटला निवृत्त व्हावं लागलं. आपल्या हातून प्रतिस्पर्ध्याला कधी गंभीर इजा झाली नाही, याचा अभिमान बाळगणारा हा माणूस, त्याची कारकीर्द अशी एका अडाणी लाथेने संपावी! गोल्डबर्गने मुद्दाम केलं नाही, पुढे त्याने खेदही व्यक्त केला आहे. पण मी तेव्हापासून पैलवानाची किंमत एकाच गोष्टीवर करू लागलो: समोरचा माणूस रात्री घरी कसा जातो? रिंग म्हणजे काही गादी नव्हे. लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. हनुवटी छातीला लावून, पाठ सपाट टेकवून, श्वास सोडून पडायचं असतं, आणि पडताना आपली मान दुसऱ्याच्या हातात असते.

आपल्या खलीचं इथे नाव घेतलं नाही तर पळ काढल्यासारखं होईल. हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातला दलीपसिंग राणा, पंजाब पोलिसातला, एप्रिल 2006 मध्ये येऊन त्याने अंडरटेकरच्या टाळूवर हात हाणला आणि आमच्याकडे टेन स्पोर्ट्स लावून बसलेली घरंच्या घरं उभी राहिली. मीही. पुढच्याच महिन्यात त्याने अंडरटेकरला चारीमुंड्या चीत केलं, 2007 मध्ये जागतिक पट्टाही मिळवला. अभिमान वाटला आणि अजून वाटतो, पण डोळे उघडे ठेवून बघितलं तर खलीला धड वाकताही येत नव्हतं. त्या सामन्यात सगळं काम अंडरटेकरचं आहे. इतकी वर्षं कुणासमोर न कोसळणारा माणूस ज्या हिशेबाने कोसळत गेला त्यामुळे खली डोंगराएवढा दिसला. ट्रंप कार्डावर तो सगळ्यांना हरवेल. भारतीय रक्ताचा अस्सल रेसलर हवा असेल तर गामा सिंग बघा. कॅलगरीच्या स्टँपीड रेसलिंगमध्ये लोक त्याचा मनापासून द्वेष करत. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झालेला जिंदर महल त्याचाच पुतण्या. आपल्याकडे गामा सिंगचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता माझ्या निकषाची अडचण सांगतो, कारण ती लपवणं बरं नव्हे.

पहिली अडचण ओवेन हार्ट. ब्रेटचा धाकटा भाऊ, माझा अतिशय लाडका. 1994 च्या रेसलमेनियात त्याने ब्रेटला हरवलं तो सामना मी पाठ केला आहे. आणि याच ओवेनच्या हातून 3 ऑगस्ट 1997 रोजी स्टीव्ह ऑस्टिनचं डोकं जमिनीवर आपटून मानेला जबर दुखापत झाली. ऑस्टिन काही क्षण हलू शकत नव्हता. गोल्डबर्गला लावलेला नियम ओवेनला लावायचा तर त्यालाही खाली आणावं लागेल. मी आणत नाही. ओवेन 1999 मध्ये छतावरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला, म्हणून माझं मन धजत नाही एवढंच त्याचं कारण. याला न्याय म्हणत नाहीत, मला कळतं.

दुसरी अडचण जास्त जड आहे. 2004 मध्ये कुणी मला विचारलं असतं की जगातला सर्वांत उपेक्षित रेसलर कोण, तर मी क्षणाचाही विलंब न लावता ख्रिस बेन्वा म्हटलं असतं. लहान चण, भाषण शून्य, काम चोख. त्या वर्षी 14 मार्चला तो जगज्जेता झाला तेव्हा मी रडलो होतो. वरच्या दोरावरून झेप घेऊन तो डोक्याने धडक मारायचा, वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्र, आणि मी मित्रांना सांगायचो, बघा, हा खरा, हा काही राखून ठेवत नाही. 2007 च्या जूनमध्ये त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला ठार केलं आणि गळफास घेतला. नंतर त्याचा मेंदू तपासणाऱ्यांनी सांगितलं की वारंवारच्या आघातांनी तो पार खराब झालेला होता. केलेल्या कृत्याला त्यामुळे माफी मिळते असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी टाळ्या वाजवत होतो ती गोष्ट हीच होती. त्यानंतर मी तीन-चार वर्षं रेसलिंग बघितलंच नाही.

'पडटा तो पळय' याचा अर्थ मी अर्धाच घेतला होता असं आता वाटतं. काकांनी हेनिगचं कौतुक केलं ते तो लागून घेत होता म्हणून नव्हे. लागल्यासारखं दाखवत होता म्हणून. राक्षस रोज मरतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या काल्याला उभा राहतो, हीच त्यातली विद्या. हेनिग 2003 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, रिक रूड तर त्याआधीच 1999 मध्ये, चाळिसाव्या वर्षी. हेनिग गेल्याचं मी काकांना मामांकडेच सांगितलं होतं. तोवर काकांचे गुडघे गेले होते, कंपनी सुटली होती. त्यांनी नाव विसरल्याचं सांगितलं, मग मी त्या गिरक्या हाताने करून दाखवल्या तेव्हा ओळखलं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, पाठीचं काय झालं होतं त्याच्या? पाठीचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

जाता जाता एक नाव: बॅरी हॉरोविट्झ. वर्षानुवर्षं हरण्यासाठीच आणलेला गडी, दर आठवड्याला कुणा उगवत्या ताऱ्याकडून मार खाणारा. जाकिटाच्या पाठीवर हाताच्या पंजाचं चित्र, आणि हा स्वतःच आपला हात मागे नेऊन आपली पाठ थोपटून घ्यायचा, कारण दुसरं कोण थोपटणार? 1995 मध्ये टीव्हीवर एकदा तो चक्क जिंकला आणि समालोचकाला वेड लागायची पाळी आली. त्या वर्षीच्या समरस्लॅममध्येही जिंकला. माझ्या संचात त्याचा पत्ता नाही. जे दोन पत्ते हरवले आहेत त्यांत होता का, तेही मावसभावाला विचारून पाहिलं. तो म्हणतो, त्याचा पत्ता कोण छापणार?